गाठ एकटी नसते

“डॉक्टर, सुई लावू नका, पसरेल.”

“डॉक्टर, प्रतिकारशक्ती वाढवायचं काहीतरी लिहून द्या.”

सरावली, डहाणू, तलासरी या पट्ट्यात स्तनातली गाठ घेऊन बाई तपासणीला आली की ही दोन वाक्ये हमखास कानावर पडतात. बोलणारी बऱ्याचदा ती स्वतः नसते. बरोबर आलेला नवरा, दीर किंवा शेजारीण बोलते, ती खाली बघत बसलेली असते. पहिल्या वाक्यामुळे तपासणी लांबते आणि दुसऱ्यामुळे पैसे जातात. दोन्हींमुळे महिने जातात, आणि या आजारात महिने परत मिळत नाहीत.

ही दोन वाक्ये मला अडाणीपणाची वाटत नाहीत. दोन्हींमध्ये सत्याचा एक तुकडा आहे. तो तुकडा आम्ही डॉक्टरांनी तुम्हाला कधी नीट समजावला नाही, म्हणून त्याच्याभोवती भीती वाढली आणि त्या भीतीवर दुकाने उभी राहिली. तो तुकडा असा: स्तनाचा कॅन्सर पसरतो की नाही, हे एकट्या कॅन्सरच्या पेशी ठरवत नाहीत. त्यांच्या आजूबाजूचे ऊतक आणि तिथे जमलेल्या प्रतिकारशक्तीच्या पेशीही ते ठरवतात. हे एकदा समजले की सुईची भीतीही टिकत नाही आणि डब्यातली पावडरही.

बोटाला लागते ते काय?

स्तनातल्या कॅन्सरची गाठ बहुतेक वेळा खड्यासारखी कडक लागते. हा कडकपणा कॅन्सरच्या पेशींचाच असावा असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्यातला मोठा भाग आजूबाजूच्या ऊतकाचा असतो.

निरोगी स्तनात दुधाच्या नळ्या आणि ग्रंथी असतात. त्यांच्याभोवती एक पातळ पडदा असतो. पडद्याबाहेर चरबी, रक्तवाहिन्या, लसीकावाहिन्या, कोलॅजेनचे धागे आणि ते धागे विणणाऱ्या फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी असतात. कॅन्सरची सुरुवात बहुधा नळीच्या आतल्या अस्तरात होते. पेशी नळीच्या आतच आहेत आणि पडदा शाबूत आहे, तोवर त्यांना दूर जायला वाट नसते. पडदा फुटला की आजार आक्रमक झाला असे आम्ही म्हणतो.

पडद्याबाहेर पडलेल्या पेशी आजूबाजूच्या ऊतकाला कामाला लावतात. फायब्रोब्लास्ट जास्त कोलॅजेन विणू लागतात. धागे जाड होतात, ताणले जातात, आणि कॅन्सरच्या पेशी त्याच ताणलेल्या धाग्यांवरून वाट काढतात. त्वचेला पडलेली खळी, आत ओढले गेलेले स्तनाग्र, संत्र्याच्या सालीसारखी दिसणारी कातडी ही सगळी आजूबाजूचे ऊतक ओढले, आवळले किंवा तुंबले गेल्याची चिन्हे आहेत. म्हणजे आरशात जे दिसते आणि बोटाला जे लागते, ते बरेचसे शेजाऱ्यांचे काम असते. गाठ एकटी नसते.

बी आणि जमीन

आपल्याकडच्या शेतकऱ्याला ही गोष्ट डॉक्टरपेक्षा लवकर कळेल. भात पेरण्याआधी तो राब भाजतो. पालापाचोळा, शेण, फांद्या पसरून जमीन भाजायची, मग पेरायचे, मग आवणी. बी तेच, पण न भाजलेल्या तुकड्यात तण माजते आणि भाजलेल्या तुकड्यात रोप तरारते. बी कितीही चांगले असले तरी जमीन विचारावी लागतेच.

१८८९ साली लंडनचे शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी हाच विचार कॅन्सरबाबत मांडला. स्तनाच्या कॅन्सरने मृत्यू पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. रक्ताबरोबर पेशी कुठेही जात असतील, तर सगळ्या अवयवांत सारख्या गाठी दिसायला हव्या होत्या. तसे दिसले नाही. यकृतात आणि हाडांत गाठी खूप, प्लीहेत मात्र फार कमी, जरी प्लीहेला रक्तपुरवठा भरपूर असतो. पॅजेट म्हणाले, बी सगळीकडे पडते, पण रुजते ते योग्य जमिनीतच.

सव्वाशे वर्षांहून जुनी ही गोष्ट. तरीही आजचा रुग्ण दवाखान्यातून बाहेर पडतो तो “वाईट पेशी झाल्यात, मारायच्या आहेत” एवढेच ऐकून. जमिनीबद्दल त्याला कोणी काही सांगत नाही. आणि डॉक्टर जे सांगत नाही, ते सांगायला कोणीतरी टपलेला असतोच.

राखणदार फितूर होतो तेव्हा

आता प्रतिकारशक्तीकडे वळू. आपल्या मनात तिचे चित्र राखणदाराचे असते. राखणदार जास्त, तर चोर कमी. मग राखणदार वाढवा! पावडर, काढा, थेंब, गोळ्या, फळांचा महागडा रस.

स्तनाच्या गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की हे चित्र मोडते. गाठीत प्रतिकारशक्तीच्या पेशी भरपूर असू शकतात. राखणदार कमी पडलेला नसतो. तो आत असतो, आणि कधी कधी चोराला दार उघडून देत असतो.

मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी घ्या. जखम झाली की त्या धावतात, घाण खातात, नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करतात, ऊतक दुरुस्त करतात. कॅन्सरची गाठ शरीराला न भरणाऱ्या जखमेसारखी वाटते. अमेरिकी पॅथॉलॉजिस्ट हॅरॉल्ड ड्वोरॅक यांनी १९८६ मध्ये गाठीचे हेच वर्णन केले होते. भक्षक पेशी तिथेही धावतात आणि दुरुस्ती सुरू करतात. पण ही दुरुस्ती गाठीच्या पथ्यावर पडते. नव्या रक्तवाहिन्या तिला अन्न आणतात आणि बाहेर पडायला रस्ताही देतात.

२००१ मध्ये न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइन्स्टाइन कॉलेज ऑफ मेडिसिनमध्ये जेफ्री पोलार्ड यांच्या गटाने स्तनाचा कॅन्सर हटकून होणाऱ्या उंदरांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही उंदरांत भक्षक पेशींना बोलावणारा रासायनिक निरोपच जन्मतः नव्हता. त्यांनाही गाठी झाल्या आणि त्या वाढल्याही, पण फुप्फुसात पसरण्याचे प्रमाण खूप घटले. बी तेच होते, नुसते शेजारी कमी केले. पुढे त्याच संस्थेतल्या संशोधकांनी कॅन्सरची पेशी, भक्षक पेशी आणि रक्तवाहिनीच्या भिंतीची पेशी एकमेकींना चिकटून बसलेल्या जागा दाखवल्या. रक्तात शिरायची ती जणू दारेच. स्त्रियांच्या गाठींतही अशी दारे सापडली, आणि काही अभ्यासांत ती जास्त असलेल्यांना दूर पसरण्याचा धोका अधिक आढळला.

सगळ्या प्रतिकारपेशी फितूर असतात असे मात्र नाही. टी पेशींची एक जात कॅन्सरच्या पेशींना ओळखून मारते. ट्रिपल निगेटिव्ह प्रकारच्या गाठीत अशा पेशी दाटीने घुसलेल्या असतील, तर त्या बाईची पुढची वाटचाल सहसा चांगली असते. त्याच गाठीत टी पेशींची दुसरी जात पहिलीला आवरून धरते. एकाच घरात राखणदार, फितूर आणि राखणदाराचे हात धरणारा असे तिघेही असतात.

तर मग सांगा, डब्यातली पावडर यांतल्या कोणाला “वाढवते”?

‘प्रतिकारशक्ती वाढवा’ म्हणणाऱ्यांना तीन प्रश्न

मी हा प्रश्न विक्रेत्यांना विचारत आलो आहे. उत्तर येत नाही, डब्यावरच्या चित्राकडे बोट जाते. तुम्हीही विचारा.

पहिला प्रश्न. प्रतिकारशक्ती कमी झाल्यामुळे स्तनाचा कॅन्सर होतो, असे तुम्ही म्हणता. मग ज्यांची प्रतिकारशक्ती खरोखर खालावलेली असते त्यांचे काय? मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण झालेले रुग्ण ती दाबणारी औषधे वर्षानुवर्षे घेतात. एचआयव्ही बाधितांत ती आजाराने घटते. या दोन्ही गटांत विषाणूंशी जोडलेले अनेक कॅन्सर वाढलेले आढळतात. स्तनाचा कॅन्सर मात्र वाढलेला आढळत नाही. प्रतिकारशक्ती “कमी–जास्त” असा सरळ हिशेब असता, तर असे झाले नसते.

दुसरा प्रश्न. प्रतिकारशक्तीला खरोखर हात घालणारे औषध कसे असते, हे तुम्हाला माहीत आहे का? टी पेशींचा ब्रेक सोडवणाऱ्या औषधांच्या शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होन्जो यांना २०१८ चे नोबेल मिळाले. त्यांतले पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध धोका जास्त असलेल्या ट्रिपल निगेटिव्ह कॅन्सरमध्ये केमोथेरपीबरोबर दिले, तर फायदा होतो हे मोठ्या चाचणीत दिसले आहे. पण सुटलेला ब्रेक कधी थायरॉइडवर, कधी आतड्यावर, यकृतावर, फुप्फुसावर गाडी घालतो, आणि क्वचित जीवही जातो. म्हणून ते कॅन्सरतज्ज्ञाच्या देखरेखीखाली, रक्ततपासण्या करत दिले जाते. प्रतिकारशक्ती खरोखर हलवणारे कोणतेही द्रव्य निरुपद्रवी नसते. तुमची पावडर “कोणताही दुष्परिणाम नाही” असे म्हणत असेल, तर एक तर ती काही करत नाही, किंवा काय करते ते तुम्ही तपासलेले नाही.

तिसरा प्रश्न. यकृताचे काय? कोविडच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा उकळत होता. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची माहिती वैद्यकीय नियतकालिकात दिली. स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने यकृतावर हल्ला करावा, तसे ते चित्र होते. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. वाद काहीही असो, केमोथेरपीची अनेक औषधे यकृतातूनच बाहेर पडतात. यकृत सुजले तर केमोचा डोस पुढे ढकलावा लागतो, कमी करावा लागतो. “नैसर्गिक आहे, घेऊन तर बघू” या वाक्याची किंमत कधी कधी अशी मोजावी लागते.

भगताकडे गेलेल्या आदिवासी बाईला शिकलेले लोक हसतात, आणि तेच लोक घरच्या बाईला गाठ झाली की हजारो रुपयांचे डबे आणतात. इंग्रजी लेबल लावलेला अंगारा आणि साधा अंगारा यांत मला फरक दिसत नाही.

सुईची भीती आणि तिच्यातले खरे

आता पहिले वाक्य. “सुई लावली की पसरतो.” “लोखंड लागलं की भडकतो.”

ही भीती कुठून आली असेल, याचा अंदाज करता येतो. बाई वर्षभर गाठ लपवते. शेवटी ती फुटायला आल्यावर कोणीतरी सुई लावतो आणि दोन महिन्यांनी ती जाते. गाव सुई लक्षात ठेवते, वर्ष विसरते.

सुईने तुकडा काढताना सुईच्या वाटेवर काही पेशी सरकतात, हे सूक्ष्मदर्शकाखाली कधी कधी दिसते. पण सरकलेली पेशी म्हणजे रुजलेली पेशी नव्हे. पॅजेट यांची जमीन इथे पुन्हा आठवा. शिवाय पुढची शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि औषधे याच पेशींसाठी असतात. सुईच्या बायोप्सीमुळे स्त्रियांचे आयुष्य घटते, असे दिसलेले नाही. उलट बायोप्सीशिवाय गाठ कोणत्या प्रकारची आहे हे कळत नाही, हार्मोनची गोळी चालेल की नाही हे कळत नाही, हर-टू विरुद्धचे औषध लागू पडेल का हे कळत नाही. बायोप्सी न करता उपचार करणे म्हणजे अंधारात कोयता फिरवणे.

शस्त्रक्रियेबद्दल थोडे जास्त प्रामाणिक व्हावे लागेल. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी एक चाचणी केली. कॅन्सर आधीच दूर पसरलेल्या ३५० स्त्रिया तिच्यात होत्या. केमोला प्रतिसाद दिलेल्या या स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटात स्तनातली मूळ गाठ काढून किरणोपचार दिले, दुसऱ्यात दिले नाहीत. निष्कर्ष २०१५ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त आले. आयुष्य दोन्ही गटांत जवळपास सारखेच, सुमारे १९ ते २० महिने. छातीवरचा आजार शस्त्रक्रियेच्या गटात जास्त आटोक्यात राहिला, पण दूरच्या गाठी त्याच गटात लवकर वाढताना दिसल्या.

म्हणजे गावातल्या म्हातारीचे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते. मोठी जखम झाली की शरीर दुरुस्तीचे निरोप सोडते, आणि दूरवर झोपलेल्या पेशींच्या कानावर ते पडत असतील, असा एक तर्क आहे. पण नीट वाचा: हे आधीच पसरलेल्या आजाराबद्दल आहे. आजार स्तनात आणि काखेतच आहे, तोवर शस्त्रक्रिया हा बरे होण्याच्या उपचाराचा कणा आहे. जी म्हणते “चाकू नको”, ती बरे होण्याच्या काळात चाकू नाकारते. मग पसरल्यावर घरचे लोक “काहीही करा, पण गाठ काढा” म्हणत येतात, आणि तेव्हा चाकू बहुधा आयुष्य वाढवत नाही. भीती खरी असली, तरी ती चुकीच्या टप्प्यावर लावलेली आहे.

जमिनीवर दिलेले इंजेक्शन

आता परळचीच दुसरी चाचणी. आमच्या डहाणू रोडहून सकाळची लोकल धरून जिथे बायका जातात, त्याच रुग्णालयाच्या पुढाकाराने ती झाली. मला विचाराल, तर ती प्रत्येक मराठी घरात माहीत असायला हवी.

प्रश्न साधा होता. शस्त्रक्रियेत गाठ हाताळली, कापली, ओढली जाते. त्या काही मिनिटांत गाठीच्या कडेच्या पेशी चेतवल्या जात असतील, तर आधीच ती जागा बधिर केली तर? दात काढताना वापरतात तसले लिडोकेन हे भूल देणारे औषध, अर्धा टक्का तीव्रतेचे, शस्त्रक्रियेच्या ७ ते १० मिनिटे आधी गाठीच्या भोवती टोचायचे. देशातली ११ केंद्रे आणि १,६०० स्त्रिया, सगळ्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या आणि आधी केमो न घेता थेट शस्त्रक्रियेला जाणाऱ्या. निम्म्यांना इंजेक्शन दिले, निम्म्यांना नाही. बाकी उपचार सगळ्यांना नेहमीचेच.

पाच वर्षांनी इंजेक्शनच्या गटातल्या ९०.१ टक्के स्त्रिया हयात होत्या, दुसऱ्या गटातल्या ८६.४ टक्के. आजार न परतता जगणाऱ्यांचे प्रमाण ८६.६ विरुद्ध ८२.६ टक्के. म्हणजे शंभर बायकांमागे जवळपास चार जणी जास्त. इंजेक्शनचा त्रास नोंदवला गेला नाही. हे २०२३ मध्ये ‘जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी’त छापून आले.

इंजेक्शन कॅन्सर मारायला दिलेले नव्हते. गाठीभोवतीच्या जागेला दिलेले होते, तेही एकदाच. लिडोकेनवर आता कोणाचे पेटंट नाही आणि ते कोणत्याही दवाखान्याच्या कपाटात असते. म्हणूनच, मला वाटते, त्याची जाहिरात कोणी करत नाही. त्याच्यासाठी पंचतारांकित हॉटेलात डॉक्टरांची परिषद भरवणारी कंपनीच नाही. प्रतिकारशक्तीच्या पावडरीला पुरावा नाही आणि जाहिरात आहे. याला पुरावा आहे आणि जाहिरात नाही. रागवायचेच असेल, तर या विषमतेवर रागवा.

दुसरी बाजूही सांगतो. ही एक चाचणी आहे. कोणाला इंजेक्शन दिले हे शल्यचिकित्सकाला ठाऊक होते. अशा चाचण्या दुसरीकडेही व्हाव्यात, अशी मागणी रास्त आहे. आधी केमो घेतलेल्या स्त्रियांना हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही. पण शस्त्रक्रिया ठरली असेल, तर “गाठीभोवती लिडोकेन देणार का?” एवढे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. सर्जन नाही म्हणाले, तर कारण विचारा. कारण ऐकण्याचाही अधिकार आहे.

जमिनीवरच्या उपचाराचे दुसरे उदाहरण हाडांचे. हाडात शिरलेल्या पेशी हाड कुरतडणाऱ्या पेशींना चेतवतात. हाड विरघळले की त्यात साठलेली वाढीची द्रव्ये सुटतात, आणि त्यावर कॅन्सर आणखी वाढतो. हाड कुरतडणे थांबवणारी झोलेड्रॉनिक ॲसिडसारखी औषधे सुरुवातीच्या टप्प्यातल्या स्त्रियांना दिली तर? २०१५ मध्ये १८,७६६ स्त्रियांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. पाळी गेलेल्या स्त्रियांत हाडात आजार परतण्याचे आणि या कॅन्सरने मृत्यू होण्याचेही प्रमाण घटले होते. पाळी चालू असलेल्यांत तसा फायदा दिसला नाही. औषध तेच, कॅन्सर तोच, जमीन वेगळी.

माझ्याच बाजूला एक चिमटा

“आजूबाजूचे ऊतक” हा शब्द हाती आला की त्यावरही दुकान काढता येते, म्हणून हेही लिहून ठेवतो. जमिनीवरचे सगळे उपचार यशस्वी झालेले नाहीत. कॅन्सरच्या पेशी ऊतक विरघळवत पुढे सरकतात, तर विरघळवणारी द्रव्येच अडवू, या विचाराने मॅरिमास्टॅट नावाचे औषध आले. कागदावर सुंदर, उंदरांत आशादायक. पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये त्याचा फायदा झाला नाही, सांधे मात्र दुखले. उद्या कोणी “तुमच्या गाठीभोवतीची सूज कमी करणारे” काही विकायला आला, तर त्यालाही विचारा: माणसांवर चाचणी झाली का? किती जणांवर? जगल्या का?

आणि चिमटा माझ्या व्यवसायालाही. “साधी गाठ आहे, भूल देऊन काढून टाकू” म्हणत छोट्या दवाखान्यात गाठ काढायची, ती ट्रेमध्ये ठेवायची, नातेवाइकांना दाखवायची आणि फेकून द्यायची, हे अजून होते. वर्षभराने बाई परत येते. तोवर गाठीचा प्रकार कळायची सोय राहिलेली नसते. तिच्या कडा स्वच्छ होत्या का, काखेतल्या गाठी कशा होत्या, काहीच नोंद नसते. सर्वांत जास्त सांगणारी होती ती गाठीची कड, जिथे कॅन्सर आणि शेजारी एकमेकांना भेटतात, आणि तीच कचऱ्यात गेली. स्तनातली कोणतीही गाठ काढली, तर ती फॉर्मॅलिनमध्ये घालून पॅथॉलॉजी तपासणीला गेलीच पाहिजे. रिपोर्ट हातात येईपर्यंत “साधी गाठ” हा फक्त अंदाज असतो.

अंगावर पाजणाऱ्या आईसाठी

बाळ पिणे बंद झाले की स्तनाचे ऊतक आवरते घेते. दुधाच्या ग्रंथी मावळतात, भक्षक पेशी येऊन साफसफाई करतात, कोलॅजेन नव्याने विणले जाते. हे सगळे जखम भरण्यासारखेच. ही नैसर्गिक घडामोड आहे, पण नेमकी त्या काळात तिथे लपलेल्या कॅन्सरच्या पेशी असल्या, तर त्यांना ती जमीन मानवते, असे संशोधन सांगते. बाळंतपणानंतरच्या काही वर्षांत निदान झालेला कॅन्सर जास्त पसरण्याकडे झुकतो.

याचा अर्थ बाळाला पाजू नका असा अजिबात नाही. ३० देशांतल्या ४७ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात, पाजण्याच्या दर १२ महिन्यांमागे स्तनाच्या कॅन्सरचा धोका सुमारे ४.३ टक्क्यांनी कमी आढळला. बिनधास्त पाजा. पण “दूध गोठलंय, शेका” म्हणून गाठ महिनोन्महिने शेकत बसू नका. दोन आठवड्यांत गेली नाही, तर दाखवा. सोनोग्राफी पाजणाऱ्या आईलाही चालते आणि सुईची बायोप्सीही.

मग करायचे काय?

भारतात २०२२ मध्ये या कॅन्सरच्या सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्ण आणि सुमारे ९८ हजार मृत्यू झाल्याचा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. हे आकडे कमी करायला नवे औषध येईल तेव्हा येईल. आज हाताशी असलेले एवढे तरी करा:

• गाठ, त्वचेला खळी, आत ओढलेले स्तनाग्र, रक्तासारखा स्राव, काखेत गाठ यांतले काहीही दिसले तर त्याच आठवड्यात दाखवा. दुखत नाही म्हणून थांबू नका. कॅन्सरची गाठ बहुधा दुखत नाही.

• तिशीनंतर आरोग्य केंद्रात स्तनांची हाताने तपासणी करून घ्या. सरकारी कार्यक्रमात ती आहे. मुंबईत १९९८ पासून वीस वर्षे, दीड लाखांहून जास्त स्त्रियांवर चाललेल्या टाटा मेमोरियलच्या अभ्यासात, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केलेल्या अशा तपासणीमुळे आजार लवकरच्या टप्प्यात सापडला. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. हात प्रशिक्षित असले की पुरतात.

• डॉक्टर बायोप्सी म्हणाले तर करा. रिपोर्टची एक प्रत घरात जपून ठेवा.

• पाळी गेली असेल, तर हाडांच्या औषधाबद्दल विचारा. शस्त्रक्रियेआधी लिडोकेनबद्दल विचारा.

• काढा, पावडर, गोळी, काहीही घेत असाल तर ते डॉक्टरांना सांगा. लपवू नका, कोणी रागावणार नाही. रागावले तर डॉक्टर बदला.

• रोज चाला, वजन आवरा, तंबाखू सोडा. पाळी गेल्यावर शरीरातल्या चरबीत इस्ट्रोजेन तयार होते, आणि बरेच स्तनाचे कॅन्सर त्यावर पोसतात. जमीन सुधारायचा हा बिनखर्चाचा भाग आहे.

• पैशासाठी थांबू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या अनेक उपचारांचा समावेश आहे. रेशन कार्ड आणि आधार कार्ड घेऊन जा आणि रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा.

आणि खाली बघत बसलेल्या त्या बाईला एक सांगायचे आहे. ताई, गाठ तुमच्या स्तनात आहे, दिराच्या नाही. सुई लावायची की नाही, हे तुम्ही ठरवायचे. कॅन्सरची गाठ कधी एकटी नसते, ती शेजाऱ्यांना हाताशी धरते. तुम्हीही एकट्या राहू नका. आशाताईंना सांगा, बहिणीला सांगा, दोघीतिघी मिळून या. फक्त या महिन्यात या.